नख अडकलं तर

कवळीकाकांचा राग थंड होता, आणि थंड राग सगळ्यात वाईट. तापट माणूस दोन शिव्या हासडतो, एखादी बशी फोडतो आणि संध्याकाळी मुकाट्याने चहाला येऊन बसतो. कवळीकाकांनी नऊ वर्षांत ना शिवी दिली, ना बशी फोडली. त्यांनी फक्त पाठच्या भावाशी बोलणं टाकलं, तेही एकाच घरात राहून. खाली काका-काकू, वर धाकटा आणि त्याची बायको. वर जायचा जिना अंगणातून. त्याच अंगणात दोघांच्या गाड्या उभ्या असत, काकांची गडद निळी, धाकट्याची लाल, आणि मधे एक माणूस अंग चोरून जाईल एवढीच वाट.

काकांचं मागणं काही फार नव्हतं. धाकट्याने जिना उतरून खाली यावं आणि म्हणावं, 'दादा, माझं चुकलं.' पंधरा पायऱ्या आणि तीन शब्द. नऊ वर्षं झाली, धाकटा रोज चार वेळा त्या पायऱ्या उतरत होता, पण काकांच्या दारापर्यंत काही येत नव्हता.

कवळीकाका हे नाव त्यांना उगीच पडलेलं नव्हतं. चौतीस वर्षं त्यांनी दातांच्या एका लॅबमध्ये कवळ्या बनवल्या. मेण कोरायचं, साचा भरायचा, दात एकेक करून बसवायचे आणि मग ती गुलाबी हिरडी घासून घासून अशी करायची की जिभेला पत्ता लागू नये इथे काही परकं आलंय म्हणून. डॉक्टर माप घेऊन मोकळे होत. तोंडात जे बसायचं ते काकांच्या हातचं. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू काकांचं होतं. कोणी हसलं की काका त्याच्या डोळ्यांकडे न बघता दातांकडे बघत आणि काकूंच्या कानाशी लागत, "तो डावा सुळा मी मुद्दाम जरा वाकडा ठेवलाय. नाहीतर खोटे वाटतात." काकू म्हणत, "अहो, ते काय म्हणतायत ते तरी ऐका."

साठी उलटली तरी त्यांचा हात हलत नव्हता. सुईत दोरा ओवायचा झाला तर शेजारपाजारच्या बायका काकांकडे येत. या हाताचा त्यांना भारी अभिमान होता, आणि माझ्या मते त्यांच्या सगळ्या दुखण्याचं मूळ तिथेच होतं.

निवृत्तीनंतर त्यांनी ती निळी गाडी घेतली, कोणाची तरी वापरलेली. दुसऱ्याच आठवड्यात फाटकाच्या कडीने दारावर ओरखडा काढला. गॅरेजवाला म्हणाला, पूर्ण दार रंगवावं लागेल. काका म्हणाले, "चौतीस वर्षं हिरडीवरचे ओरखडे काढले, आता पत्र्यावरचा निघणार नाही होय?" भंगारातून त्यांनी एक जुनं काळं दार आणलं, मागच्या पडवीत दोन विटांवर टेकवलं आणि तीन आठवडे त्याच्याशी झटले. आधी त्या दाराचे हाल केले, मग त्याला आरशासारखं केलं. मग निळ्या गाडीला हात लावला.

ही बातमी पसरायला कितीसा वेळ लागणार? दर रविवारी सकाळी काकांच्या अंगणाबाहेर दोन-तीन गाड्या लागू लागल्या. काकांचे नियम कडक होते. गाडी धुऊन आणायची, उन्हात तापलेली आणायची नाही आणि मधे बोलायचं नाही. ओरखड्याच्या दोन्ही बाजूंना ते चिकटपट्टी लावत. दोन हजार नंबरचा पॉलिश पेपर तासभर पाण्यात भिजत ठेवलेला असे. तो रबराच्या तुकड्याला गुंडाळून, पाणी सोडत सोडत, एकाच दिशेने हलके हात फिरवत. जागा दुधासारखी धूसर झाली की मालक घाबरून पुढे वाके. काका मात्र निवांत. मग घासायची कंपाउंड पेस्ट, मग पॉलिश, मग मेण. धूसरपणा जाई, आणि ओरखडा कुठे होता हे मालकालाच शोधावं लागे.

पण या सगळ्याच्या आधी एक गोष्ट. काका उजव्या हाताच्या पहिल्या बोटाचं नख त्या ओरखड्यावरून आडवं फिरवत. नख सरकून गेलं, तर ओरखडा रंगावरच्या पारदर्शक थरातच आहे, तो निघतो. नख अडकलं, तर तो खाली रंगात उतरलाय. मग काका हात पुसून उभे राहत.

"काका, जरा घासून तर बघा," एकदा औषधाच्या दुकानवाला अगदी काकुळतीला आला होता.

"तो थर केसापेक्षा पातळ असतो. घासून घासून थर संपेल, ओरखडा तिथेच राहील. नख अडकलं की विषय संपला."

"आणि ते टूथपेस्ट लावतात म्हणे?"

"टूथपेस्ट दातांना लावायची," काका म्हणाले, "तीसुद्धा खऱ्या."

आता भांडणाचं सांगतो. तेव्हा आई होती. तिला ऊन आवडायचं म्हणून ती वर धाकट्याकडे राहायची. तिची कवळी अर्थातच काकांनी केलेली. दोन महिने ते त्या कवळीवर बसले होते. आईचा तरुणपणीचा फोटो समोर ठेवून एकेक दात लावला होता. त्यांच्या मते ते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं. एका रविवारी मावशीकडे सगळे जेवायला जमले, अठरा माणसं. धाकटा म्हणजे आमच्या घराण्यातला गप्पिष्ट. त्याने कसलासा किस्सा सांगितला आणि आई तोंड उघडून हसली. काकांचा घास हातातच राहिला. ते दात त्यांचे नव्हते. सरळ रांगेत बसवलेले, कोणाच्याही तोंडात चालतील असे, बाजारी.

"हे कुठून आणलेस?" काकांनी सगळ्यांदेखत धाकट्याला विचारलं. "माझे दात काढून आईच्या तोंडात हे घातलेस? चोर आहेस तू. माझ्या पाठीमागून आईला दुसरीकडे नेलीस."

धाकट्याचं हसू मावळलं. "तुझे टोचत होते तिला, दादा," तो म्हणाला.

अठरा माणसांत एक मामेभाऊ फिसकन हसला. आईने मान खाली घातली आणि ताटाकडे बघत राहिली. काका हात धुऊन उठले ते आजवर उठलेलेच. सात महिन्यांनी आई गेली, तेव्हाही दोघे भाऊ खोलीच्या दोन टोकांना उभे होते. पुढे काही दिवसांनी वरून जाऊबाईंनी काकूंच्या हाती एक डबी दिली. आत काकांनी केलेली जुनी कवळी होती. काकांनी डबी न उघडता कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवली. टोचत होते म्हणे! ज्याच्या कामाला चौतीस वर्षांत कोणी नाव ठेवलं नाही, त्याचे दात सख्ख्या आईला टोचत होते, आणि ते सांगणार कोण, तर गोदामाच्या किल्ल्या सांभाळणारा माणूस. या एका वाक्याचं उट्टं काढल्याशिवाय आपण मरणार नाही, असं काकांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. कसं काढायचं ते मात्र नऊ वर्षं सुचत नव्हतं.

ते सुचलं गेल्या वर्षी. काकांच्या निळ्या गाडीवर ओरखडे येऊ लागले.

बारीक, कमानदार, उन्हात तिरपं बघितलं तरच दिसणारे. रविवारी काका ते काढत, पुढच्या रविवारपर्यंत नवे हजर. आणि सगळे एकाच बाजूला, जी बाजू लाल गाडीकडे, जिन्याकडे होती. दुसरी बाजू लख्ख. काकांनी विचार करायला सुरुवात केली, आणि रागावलेला माणूस विचार करू लागला की त्याला हवं तेच सापडतं. धाकटा गोदामावर होता. त्याच्या कमरेला किल्ल्यांचा जुडगा लटकलेला असे. तो दोन गाड्यांमधून रोज चार वेळा जाई. काकांनी टेप लावून ओरखड्यांची जमिनीपासूनची उंची मोजली. मग स्वयंपाकघराच्या खिडकीत उभं राहून, धाकटा शेवटच्या पायरीवर आला की जुडगा कुठे येतो ते डोळ्यांनी मापलं. बरोब्बर तीच उंची.

"मुद्दाम करतोय," ते काकूंना म्हणाले. "जाता जाता अंग घासून जातो. नऊ वर्षं झाली तरी पोट भरलं नाही त्याचं."

"अहो, मग विचारा की त्याला."

"मी? मी विचारू? त्याने खाली यावं."

"तो येणार तरी कसा, तुम्ही दार लावून घेता," काकू म्हणाल्या आणि भांडी घासायला लागल्या. त्यांचं आणि जाऊबाईंचं कधी तुटलंच नव्हतं. दोघी दुपारी मागच्या पडवीत बसून भाजी निवडत आणि आपापल्या नवऱ्यांना नावं ठेवत.

इथे काकांच्या कापडाबद्दल सांगायला हवं. लॅबमध्ये कवळीला शेवटचा हात मारायचं त्यांचं एक सुती कापड होतं. इतक्या वर्षांत धुऊन धुऊन ते लोण्यासारखं मऊ झालं होतं. नवं कापड काकांना चालायचं नाही. "कापड मुरावं लागतं," असं ते म्हणत. निवृत्त होताना त्यांनी लॅबमधून दोनच वस्तू घरी आणल्या, मेण कोरायची छोटी सुरी आणि हे कापड. गाडीचं जुनं फडकं फाटल्यापासून, म्हणजे गेल्या वर्षापासून, रोज सकाळी ते याच कापडाने गाडी पुसत. जाऊबाई सकाळी जिना झाडत, आणि ती सगळी धूळ उडून गाडीच्या जिन्याकडच्या बाजूवर बसे. काका ती बाजू दोनदा पुसत, दात-ओठ खात, जोर लावून. वरच्यांची धूळ आपल्या दारात, याचा त्यांना रोज नव्याने संताप येई.

तर बेत असा ठरला. धाकट्याच्या लाल गाडीवर एक ओरखडा काढायचा, पण हलका. वरच्या थरातच राहील असा, नख सरकून जाईल असा. ओरखडा लांब असला की गॅरेजवाला दोन्ही दारं रंगवायला सांगणार आणि गाडी चार दिवस अडकवून ठेवणार. धाकट्याला गाडीवाचून एक दिवस निभत नव्हतं. शिवाय सगळी गल्ली म्हणणार, घरात कवळीकाका असताना गॅरेज कशाला? मग त्याला जिना उतरावा लागेल, काकांच्या दारात यावं लागेल. रविवारी, चारचौघांत. औषधवाल्याच्या मागे रांगेत उभं करायचं त्याला. म्हणायचं, 'नंबर लाव.' मग त्याचा चेहरा बघायचा, मनसोक्त बघायचा, आणि शेवटी ओरखडा असा काढून द्यायचा की त्याला जन्मभर आठवावं, कोणाचा हात टोचतो आणि कोणाचा नाही ते.

'नंबर लाव.' काकांनी हे दोन शब्द दाढी करताना आरशात म्हणून बघितले. फार गोड लागले.

कामाचा माणूस, म्हणून त्यांनी सरावही केला. भंगारातल्या काळ्या दारावर मेणाच्या सुरीने हलक्या रेघा मारून बघितल्या, नख फिरवलं, किती दाब पुरतो ते हाताला शिकवलं. सहा रेघांत हाताला समजलं.

बुधवारी धाकट्याला सुट्टी असे, म्हणजे लाल गाडी दिवसभर अंगणात. दुपारी अडीचच्या सुमाराला गल्ली जेवून पेंगत होती. काका गाड्यांच्या मधल्या वाटेत गेले, एका हातात फडकं, म्हणजे कोणी बघितलं तर आपलीच गाडी पुसतोय. दुसऱ्या हातात सुरी. मागच्या दाराच्या कडेपाशी टोक टेकवलं आणि हात चालवला. सुरुवात अगदी ठरल्याबरहुकूम झाली, केसाएवढी.

तेवढ्यात वरच्या खिडकीतून धाकट्याचं हसणं आलं. फोनवर कोणाला तरी काहीतरी सांगत असेल, त्याला काय, तो उठता बसता हसणारा. पण काकांना ते मावशीकडचं हसणं वाटलं. अठरा माणसं, हातातला घास, फिसकन हसलेला मामेभाऊ, सगळं एकदम आलं आणि सगळं त्या हातात उतरलं. हात हलला नाही. हात दाबला गेला. मागच्या दारापासून पुढच्या दारापर्यंत रेघ एका दमात गेली, आणि सुरीच्या टोकाशी लाल रंगाची बारीक कुरळी सालं निघाली. खाली करडं दिसलं.

काकांना तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही असेल. पण खोटं कशाला बोला, त्यांना बरं वाटलं. नऊ वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. घरात येऊन त्यांनी दोन कप चहा घेतला आणि मनाशी म्हणाले, निघेल, माझ्या हातून काय निघत नाही?

गुरुवारी सकाळी काका खिडकीआड दबा धरून बसले. धाकटा उतरला, गाडीपाशी आला आणि थांबला. त्याने आरडाओरडा करावा, गल्ली गोळा करावी अशी काकांची अपेक्षा होती. तो नुसता वाकला, रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत गेला. मग एकदा खिडकीकडे बघितलं आणि गाडी काढून कामावर गेला. शुक्रवारीही तेच, नुसतं बघणं. काकांचा विरस झाला. सुडाची फोडणी द्यावी आणि तेल तडतडूच नये, असं काहीसं झालं.

शनिवारी सकाळी काकू चष्मा हातात घेऊन आल्या. नवाच होता, महिनाही झाला नव्हता.

"हे बघा काय झालं. काल माझं फडकं सापडेना म्हणून तुमच्या त्या मुरलेल्या कापडाने पुसला. आता सगळं जाळीतून दिसतंय."

"कापडाने काय होतंय? लोण्यासारखं आहे ते."

"मग लोण्याला दात आहेत म्हणा."

काकांनी चष्मा खिडकीशी धरला. काचेवर बारीक, कमानदार ओरखडे होते, तिरपं बघितलं तरच दिसणारे. काकांनी ते कापड उचललं. मग पडवीत गेले, काळ्या दाराचा एक लख्ख भाग निवडला आणि कापड फिरवलं, रोजच्यासारखं, आधी हलकं, मग जोर लावून. हलक्या हाताखाली काहीच उमटलं नाही. जोर लावला तिथे उन्हात कमानी दिसल्या, एकीवर एक.

त्यांना काही समजावून सांगायची गरज नव्हती. कवळीला पॉलिश करताना प्युमिस वापरतात, एक खरखरीत दगडाची भुकटी. चौतीस वर्षांची भुकटी त्या विणीत जाऊन बसली होती, आणि ती धुऊन निघत नसते. लॅबमध्ये कापडाची तीच तर किंमत होती. म्हणजे निळ्या गाडीवरचे ओरखडे रोज सकाळी काका स्वतःच काढत होते, आणि जिन्याकडच्या बाजूला जास्त काढत होते, कारण तिथे रागाने जोर लावत होते. धाकट्याचा जुडगा त्या गाडीला कधी लागलाच नव्हता.

काकांना लाज वाटली, अंगभर, जुन्या तापासारखी. त्यांनी तोंड धुतलं, सदरा घातला आणि जिन्याशी गेले. एक पायरी, दोन, तीन. 'धाकट्या, माझं चुकलं.' तीनच शब्द, पण स्वतः म्हणायचे झाले तेव्हा ते किती जड आहेत हे त्यांना समजलं. वर दार वाजलं, कोणी तरी बाहेर येत होतं. काका झटक्यात खाली उतरले आणि फाटकाची कडी तपासायला लागले. उद्या रविवार आहे, त्यांनी स्वतःला समजावलं. उद्या तो येईलच. येईल तेव्हा काही न बोलता ओरखडा काढून देऊ. त्यातच सगळं आलं.

रविवारी अंगणात औषधवाला होता आणि शाळेची व्हॅन चालवणाऱ्या बाई होत्या. काका व्हॅनच्या मागच्या दाराला मेण लावत होते. जिन्यावर पावलं वाजली. धाकटा आला, पण गाड्यांच्या मधून फाटकाकडे न जाता सरळ काकांसमोर येऊन उभा राहिला.

"दादा," तो म्हणाला.

नऊ वर्षांनी ऐकलेला शब्द. 'नंबर लाव' तोंडातल्या तोंडात कुठे गेलं ते काकांना कळलंही नाही.

"जरा माझी गाडी बघतोस?"

"चल ना," काका म्हणाले. एवढं त्यांना अगदी सहज जमलं. औषधवाल्याने व्हॅनवाल्या बाईंकडे बघितलं आणि दोघांनी भुवया उंचावल्या. वरून जाऊबाई आणि खालून काकू, दोघीही दारात येऊन उभ्या राहिल्या. काकूंच्या हातातलं पीठ तसंच होतं.

काका लाल गाडीपाशी गुडघे टेकून बसले. मनात नवस बोलावा तसं म्हणत होते, सरकू दे, एवढा एकदा सरकू दे. त्यांनी मागच्या दाराच्या कडेपाशी नख ठेवलं. तिथे ते सरकलं. बोटभर पुढे गेले. नख अडकलं. आणखी पुढे ठेवलं, अडकलं. पुढच्या दारापर्यंत जिथे ठेवावं तिथे अडकलं.

"काय म्हणतोय?" धाकट्याने विचारलं.

"खोल आहे."

"निघेल?"

काकांनी नख पुन्हा एकदा फिरवलं. धाकटा त्यांच्या शेजारी उकिडवा बसला आणि इतरांना ऐकू जाणार नाही एवढ्याच आवाजात म्हणाला, "किल्लीची रेघ थरथरते, दादा. खिळ्याची मधेच तुटते. ही बघ. दोन दारं, एका दमात, एक केसभर इकडे तिकडे नाही. तुझा हात अजून हलत नाही."

काकांनी मान वर केली नाही. त्यांना वाटलं होतं तो ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं ते भलतंच.

"आईला खरंच टोचत होते?"

"खालचे. डावीकडे, आतल्या बाजूने. दोन वर्षं."

"मला का नाही सांगितलं? एका मिनिटाचं काम होतं रे. घासून दिलं असतं."

"तीच नको म्हणाली. 'त्याला वाईट वाटेल, त्याने किती जीव लावून केलेत,' म्हणाली. जेवताना काढून ठेवायची. मला बघवेना, म्हणून नेलं मी तिला दुसरीकडे."

"मग सगळ्यांसमोर कशाला बोललास?"

"तू मला सगळ्यांसमोर चोर म्हणालास म्हणून."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, कोणाकडे तक्रार करायची? काकांनी ओली चिंधी पिळली, पुन्हा पिळली. 'माझं चुकलं' हे अगदी जिभेच्या टोकावर होतं. पण चौतीस वर्षं दुसऱ्यांची तोंडं नीट करणाऱ्या माणसाचं स्वतःचं तोंड काही उघडलं नाही.

"दोन्ही दारं रंगवून देतो," ते एवढंच म्हणाले. "गॅरेजला मी नेतो गाडी."

"नको," धाकटा उठत म्हणाला. "राहू दे."

त्या दिवशी संध्याकाळी काकांनी कपाटाच्या वरच्या फळीवरची डबी काढली. नऊ वर्षांत पहिल्यांदा उघडली. कवळी दिव्याशी धरली तर दात अजून सुरेख होते, आईचेच वाटत होते. त्यांनी खालची बाजू उलटी केली आणि डावीकडे आतून नख फिरवलं. नख अडकलं. मोहरीएवढा उंचवटा होता, साच्यातला बुडबुडा राहून गेलेला. बुडबुडा शिकाऊ माणसालाही दिसला असता. काकांनी कानस आणली, मग पेपर, मग पॉलिश. जागा गुळगुळीत झाली. त्यांनी घड्याळाकडे बघितलं. एक मिनिटसुद्धा लागलं नव्हतं. काकू आत आल्या तेव्हा ते कवळी हातात धरून रडत होते.

दुसऱ्या दिवसापासून धाकटा लाल गाडी उलटी लावतो. तोंड फाटकाकडे, म्हणजे ती रेघ बरोबर काकांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर येते. सकाळचा चहा घेताना ती दिसते, भाजी चिरताना दिसते. खिडकी लावावी तर काकू म्हणतात, "धूर कोंडतो." करडी रेघ आता हळूहळू तांबूस होऊ लागली आहे, गंजाने. गल्लीतले लोक येता जाता विचारतात, "काका, जगाचे ओरखडे काढता आणि घरच्या गाडीचा नाही?" काका म्हणतात, खोल आहे. मुरलेलं कापड त्यांनी जाळून टाकलं. निळ्या गाडीवर आता एकही ओरखडा नाही.

आणि दर रविवारी, अंगणात माणसं जमली की, धाकटा पंधरा पायऱ्या उतरून येतो. काकांसमोर उभा राहतो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी आदराने म्हणतो, "दादा, आज निघतोय का बघ ना."

काका हातातलं काम ठेवतात, लाल गाडीपाशी जाऊन गुडघे टेकतात आणि रेघेवरून आडवं नख फिरवतात.

"नाही," ते म्हणतात.

"बरं," धाकटा म्हणतो. "पुढच्या रविवारी बघू."